मध्ययुगीन नकाशांतील पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना नकाशा समोर आला की आपण आधी आपला देश शोधतो, मग ओळखीची शहरे, आणि पाण्याकडे लक्ष गेलेच तर ते शेवटी जाते. नकाशा काढणाऱ्याने मात्र पुष्कळदा पाण्यापासूनच सुरुवात केलेली असते. पुढील प्रश्नोत्तरे समुद्र, नद्या आणि सरोवरे मध्ययुगीन नकाशांत कशी दाखवली गेली आणि तशी का दाखवली गेली, एवढ्याच विषयापुरती आहेत.

मध्ययुगीन नकाशे म्हणजे नेमके कोणते?

ढोबळमानाने इ.स. ५०० ते १५०० या काळात तयार झालेले. त्यांत युरोपातील मठांत आणि चर्चमध्ये काढलेले जगाचे नकाशे येतात, बगदाद, कैरो, पालेर्मो येथील अरबी भूगोलकारांचे नकाशे येतात, भूमध्य समुद्रावरील खलाशांचे किनारी नकाशे येतात, आणि चीन, कोरिया व भारत येथील स्वतंत्र परंपराही येतात. यांपैकी प्रत्येकाचे काम वेगळे होते. चर्चमधील नकाशा भाविकाला सृष्टीच्या आरंभापासूनचा इतिहास एका कातड्यावर दाखवत असे, तर जिनोआच्या तांडेलाला पुढचे बंदर कोणत्या दिशेला आहे एवढेच हवे असे. त्यामुळे ‘मध्ययुगात पाणी अमुक पद्धतीने दाखवत’ असे सरसकट विधान कोणी केले, तर ते तपासून घ्यावे.

समुद्र त्या काळी निळाच रंगवत असत का?

नाही. युरोपातील जगाच्या नकाशांत समुद्र बहुधा हिरवा असे आणि नद्या निळ्या असत. इंग्लंडमधील हेरेफर्ड कॅथीड्रलमध्ये असलेला, इ.स. १३०० च्या सुमाराचा प्रसिद्ध नकाशा आज पाहिला तर त्यातील समुद्र तपकिरी, मळकट दिसतो, पण मूळचा तो हिरवा होता. अरबी नकाशांत बरोबर याच्या उलट जोडी सापडते: बाराव्या शतकातील अरब भूगोलकार अल-इद्रिसी याच्या ग्रंथाच्या हस्तलिखितांत समुद्र निळा, त्यावर पांढऱ्या नागमोडी रेषा, आणि नद्या हिरव्या. कोरियातील १४०२ च्या कांगनिदो या नकाशाच्या जपानमध्ये जपलेल्या प्रतीत पुन्हा समुद्र हिरवट आणि नद्या निळ्या आहेत.

कोणता रंग कोणाला, याबद्दल एकमत नव्हते; खाऱ्या आणि गोड्या पाण्याला एकच रंग द्यायचा नाही, यावर मात्र दूरदूरच्या चित्रकारांचे आश्चर्य वाटावे इतके एकमत दिसते. आजच्या शालेय नकाशात गोदावरी आणि अरबी समुद्र दोन्ही निळेच असतात, कारण आपल्या लेखी ते दोन्ही पाणीच. त्या काळच्या नकाशाकाराला पिण्याचे पाणी आणि बुडवणारे पाणी या दोन निरनिराळ्या वस्तू वाटत, आणि त्याने त्या तशा रंगवल्या. माझ्या मते हा संपूर्ण विषय समजून घेण्याची किल्ली येथेच आहे: नकाशाकार पाणी दिसते कसे हे सांगत नव्हता, ते कोणत्या जातीचे आहे आणि करते काय, हे सांगत होता.

रंगांच्या निवडीत पैशाचा आणि पदार्थांच्या स्वभावाचा भाग किती होता?

बराच. सर्वांत उंची निळा रंग लाजवर्द दगडापासून बनत असे आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून युरोपात पोहोचेपर्यंत अतोनात महाग होत असे. त्या मानाने स्वस्त निळा ॲझुराइट या तांब्याच्या खनिजापासून किंवा नीळीपासून मिळे. हिरवा जंगालापासून, म्हणजे तांब्यावर चढणाऱ्या गंजापासून करत, आणि तो कोणत्याही गावात तांब्याचा पत्रा व शिरका असला की बनवता येत असे. मोठ्या नकाशावर समुद्राने व्यापलेली जागा लक्षात घेतली, तर ती जंगालाने भरणे हा हिशेबी निर्णय होता हे उघड आहे.

पण जंगाल टिकाऊ नाही. काळाच्या ओघात तो काळवंडतो, तपकिरी होतो आणि कागद किंवा कातडे हळूहळू खाऊन टाकतो. दाट थर असलेल्या ठिकाणी कधी कधी चिरा पडलेल्या आढळतात. म्हणून जुन्या नकाशाच्या आजच्या रंगावरून त्याच्या कर्त्याच्या हेतूविषयी निष्कर्ष काढण्यापूर्वी थांबावे. हिंगूळ आणि शेंदूर यांचा तांबडा त्या मानाने चांगला तग धरतो, आणि त्यामुळेच पुढील प्रश्नातील समुद्र आजही नकाशावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतो.

तांबडा समुद्र खरोखर तांबडा का रंगवत असत?

नाव तांबडे म्हणून रंग तांबडा, हे सोपे उत्तर बऱ्याच अंशी खरे आहे, पण ते पुरेसे नाही. प्राचीन भूगोलकार हे नाव आजच्या चिंचोळ्या समुद्रापुरते वापरत नसत. इराणचे आखात आणि हिंदी महासागराचा मोठा भागही त्यात येत असे. हेरेफर्डच्या नकाशात अरबस्तानाच्या दोन्ही बाजूंची आखाते त्यामुळेच लाल आहेत, आणि ती मिळून नकाशाच्या उजव्या वरच्या भागात एखाद्या दुबेळक्यासारखी दिसतात. स्पेनमधील सिलोस येथील मठात बाराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेल्या, बेआतुस या आठव्या शतकातील भिक्षूने बायबलच्या शेवटच्या पुस्तकावर लिहिलेल्या भाष्याच्या प्रतीत तर लाल पट्टा जगाच्या दक्षिणेला सरळ आडवा जातो आणि त्याच्या पलीकडे उन्हाने होरपळलेला, कोणीही न पाहिलेला जगाचा चौथा भाग दाखवलेला आहे.

रंगापेक्षाही अधिक महत्त्वाची होती त्या पाण्यात घडलेली घटना. बायबलनुसार मोशेच्या मागून निघालेल्या इस्राएली लोकांसाठी हा समुद्र दुभंगला. हेरेफर्डच्या नकाशात त्यांच्या प्रवासाची रेषा इजिप्तमधून निघून लाल पाणी ओलांडते आणि वळणे घेत यरीहोपर्यंत जाते. १३७५ च्या सुमाराच्या कॅटलान ॲटलास या मायोर्का बेटावर तयार झालेल्या जगाच्या नकाशात लाल लाटांच्या वरच्या टोकापाशी एक आडवी फट चक्क मोकळी सोडलेली आहे. पाणी तेथे दुभंगले होते, म्हणून तेथे रंग नाही. शतकानुशतके खलाशांच्या नकाशांतही ही फट जशीच्या तशी उतरत राहिली, जरी त्या मार्गाने जहाज नेणाऱ्याला तिचा काडीचाही उपयोग नव्हता.

याच ॲटलासमधील मजकूर मोठा मजेशीर आहे. पाणी लाल नाही, तळ त्या रंगाचा आहे, असे तो वाचकाला बजावतो आणि लगेच जोडतो की हिंदुस्थानातून अलेक्झांड्रियाला जाणारे बहुतेक मसाले याच समुद्रातून जातात. म्हणजे चित्रकाराला वस्तुस्थिती ठाऊक होती, तरीही त्याने कुंचला लाल रंगातच बुडवला. धर्मकथा, भूगोल आणि व्यापार ही तिन्ही अंगे एका बोटभर पाण्यात एकत्र आलेली पाहायची असतील, तर हा तुकडा बारकाईने पाहावा.

जगाभोवती पाण्याचे कडे का काढत असत?

ग्रीकांपासून चालत आलेली कल्पना अशी की वस्ती असलेल्या भूमीला सर्व बाजूंनी महासागराने वेढलेले आहे. सातव्या शतकात सेव्हिलच्या बिशप इसिडोरने ज्ञानकोश लिहिला, त्याच्या हस्तलिखितांत या कल्पनेची अगदी सुटसुटीत आकृती येते: एक वर्तुळ, आणि त्यात रोमन लिपीतील टी या अक्षरासारखे पाणी. पूर्व दिशा वर असते. अक्षराचा उभा दांडा म्हणजे भूमध्य समुद्र, आडव्या रेषेचा डावा अर्धा भाग डॉन नदी आणि उजवा अर्धा नाईल. वरचा अर्धा भाग आशिया, खाली डावीकडे युरोप, उजवीकडे आफ्रिका. १४७२ साली ऑग्सबर्ग येथे हा ग्रंथ छापला गेला तेव्हा त्यात हीच आकृती होती आणि युरोपात छापलेला हा पहिला नकाशा मानला जातो.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या आकृतीत रेघा जेवढ्या आहेत तेवढ्या सर्व पाण्याच्याच आहेत. जमिनीला स्वतःची सीमा नाही. पाण्याने तिची वाटणी केल्यावर जे उरले ते खंड.

म्हणजे पृथ्वी सपाट आहे असे त्यांना वाटत होते का?

मध्ययुगीन युरोपातील शिकलेल्या मंडळींना पृथ्वी गोल आहे हे माहीत होते. वरील वर्तुळ हे संपूर्ण पृथ्वीचे चित्र नाही, तिच्यावरील वस्ती असलेल्या भागाचे आहे.

भरती-ओहोटीचे स्पष्टीकरण नकाशांत सापडते का?

सापडते. पाचव्या शतकातील लेखक मॅक्रोबियस याच्या एका भाष्यग्रंथात गोल पृथ्वीचे पाच पट्टे दाखवणारा नकाशा असतो: दोन टोकांना गोठलेले, मध्ये जळता, आणि त्यांच्या दरम्यान राहण्याजोगे दोन. जळत्या पट्ट्यातून महासागराचा एक प्रवाह पृथ्वीला विषुववृत्तावर वेढा घालतो आणि पूर्व-पश्चिम टोकांना फुटून उत्तरेकडे व दक्षिणेकडे वळतो. हे प्रवाह ध्रुवांपाशी एकमेकांवर आदळतात आणि त्या धडकेने पाणी मागे रेटले जाते, तीच भरती व ओहोटी, असे त्याचे म्हणणे. स्पष्टीकरण चुकीचे आहे, तथापि पाणी सतत हलणारी वस्तू आहे आणि नकाशाने ती हालचाल दाखवली पाहिजे, हा आग्रह त्यात आहे.

नद्या इतक्या जाड का दिसतात?

प्रमाणात काढल्या असत्या तर त्या दिसल्याच नसत्या, हे पहिले कारण. दुसरे असे की रस्त्यांपेक्षा नद्याच वाहतुकीच्या आणि हद्दीच्या खऱ्या रेषा होत्या. ब्रिटनचा गॉफ नकाशा (इ.स. १४०० च्या आसपासचा, आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात) पाहिला तर बेटाच्या अंगावर हिरव्या शिरा उठल्यासारख्या नद्या दिसतात; शहरे त्यांच्या काठाने मांडलेली आहेत आणि कित्येक नद्यांचा उगम एका गोल डबक्यात दाखवला आहे. उगम म्हणजे सरोवर, ही त्या काळची दृढ समजूत होती.

नाईलच्या बाबतीत तर तिला मोठाच आधार होता. अलेक्झांड्रियाचा भूगोलकार टॉलेमी याने दुसऱ्या शतकात लिहून ठेवले होते की चंद्राच्या पर्वतांतून निघालेले प्रवाह दोन सरोवरांत पडतात आणि तेथून नाईल सुरू होते. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी या विद्वानाच्या भूगोलग्रंथाची १०३७ मध्ये नकललेली प्रत आज स्ट्रासबर्गमध्ये आहे. अरबी परंपरेतील उपलब्ध नकाशांत तिच्यातील नकाशे सर्वांत जुने. त्यांतील एकात नाईलचे हे प्रवाह पर्वतातून सरळ रेषांनी उतरतात, दोन गोलांत जमा होतात, तेथून तिसऱ्या सरोवरात जातात आणि मग एकच नदी उत्तरेला निघते.

स्वर्गातून निघणाऱ्या चार नद्या म्हणजे काय, आणि गंगेचा त्यांच्याशी काय संबंध?

बायबलच्या पहिल्या पुस्तकात एदेन बागेतून निघून चार फाटे झालेल्या नदीचे वर्णन आहे: पीशोन, गीहोन, हिद्देकेल आणि फरात. शेवटच्या दोन म्हणजे टायग्रिस आणि युफ्रेटिस, हे सरळच होते. गीहोन ही नाईल आणि पीशोन ही गंगा, असे बहुतेक मध्ययुगीन विद्वान मानत. स्वर्ग पूर्वेला, म्हणजे नकाशाच्या अगदी माथ्यावर, असे. हेरेफर्डच्या नकाशात तो महासागरातील तटबंदीचे गोल बेट आहे.

अडचण उघड होती. नाईल आफ्रिकेतून वाहते आणि गंगा हिंदुस्थानातून, मग दोन्ही एका बागेतून निघतात कशा? यावर त्यांनी काढलेला तोडगा असा की या नद्या स्वर्गाबाहेर पडताच भूमिगत होतात आणि निरनिराळ्या देशांत पुन्हा वर येतात. सरस्वती गुप्त झाल्याचे लहानपणापासून ऐकत आलेल्या वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही.

समुद्रातील मासे, जलपरी आणि राक्षस हे केवळ शोभेसाठी असत का?

काही ठिकाणी शोभेसाठीच. बेआतुसच्या नकाशांत महासागराच्या कड्यात मासे आणि छोट्या होड्या एकामागून एक पोहतात, त्यांचे काम बहुधा एवढेच की हे पाणी आहे हे पाहणाऱ्याला कळावे. हेरेफर्डच्या भूमध्य समुद्रातील आरसा धरलेली जलपरी मात्र मोह आणि गर्वाची ओळखीची खूण होती, आणि सिसिलीजवळचा नागमोडी भोवरा हा जहाजे गिळणारा खॅरिब्डिस होता, ज्याच्या नावाने खलाशी खरोखर धास्तावत. याच नकाशातील मृत समुद्रात सदोम आणि गमोरा ही बायबलमधील नष्ट झालेली शहरे पाण्याखाली दाखवली आहेत.

प्राण्याने भूगोल सांगितल्याचे माझ्या माहितीतील सर्वांत सुंदर उदाहरण या काळाच्या अगदी आरंभीचे आहे. जॉर्डनमधील मादबा येथील चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकात रंगीत खड्यांनी जडवलेला पवित्र भूमीचा नकाशा आहे. त्यात जॉर्डन नदीतून मासे मृत समुद्राकडे पोहत येतात आणि मुखाशी पोहोचलेला एक मासा तोंड फिरवून प्रवाहाविरुद्ध परत निघालेला आहे. पाणी इतके खारट आहे की त्यात मासा जगत नाही, ही माहिती एकही अक्षर न लिहिता सांगितलेली आहे. नदीवर आडवा दोर आणि त्याला धरून चालणारी नाव दाखवली आहे, समुद्रात दोन होड्या आहेत. होड्यांतील माणसांचे खडे मात्र पुढे, सजीवांच्या प्रतिमांना विरोध झाला त्या काळात, उखडून अस्ताव्यस्त बसवले गेले.

‘येथे ड्रॅगन आहेत’ हे वाक्य मात्र मध्ययुगीन नकाशांवर शोधू नये. ते लॅटिनमध्ये १५१० च्या सुमाराच्या एका छोट्या तांब्याच्या पृथ्वीगोलावर आशियाच्या आग्नेय किनाऱ्यावर लिहिलेले आहे, म्हणजे ते समुद्रातही नाही.

अरबी नकाशांतील समुद्र भूमितीच्या आकृत्यांसारखे का दिसतात?

दहाव्या शतकातील अल-इस्तख्री आणि इब्न हौकल यांच्या परंपरेत किनारे मुद्दाम सरळ रेषा आणि कमानींनी काढलेले असतात. जगाच्या नकाशात पश्चिमेकडून भूमध्य समुद्र आणि पूर्वेकडून हिंदी महासागर असे दोन हात बाहेरच्या महासागरातून आत शिरतात आणि मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी राखून थांबतात. दोन समुद्रांच्या मध्ये अडसर ठेवल्याचा कुराणातील उल्लेख येथे आठवतो, आणि अभ्यासकांनी त्याकडे लक्ष वेधले आहे.

अकराव्या शतकात फातिमी राजवटीतील इजिप्तमध्ये लिहिलेल्या आणि २००२ मध्ये बॉडलियन ग्रंथालयाने विकत घेतलेल्या एका ग्रंथात हे टोकाला गेलेले दिसते. तेथे भूमध्य समुद्र म्हणजे एक जवळजवळ निर्दोष, गडद हिरवी लंबवर्तुळाकृती आहे. तिच्यात शंभरावर बेटे सारख्या गोल टिकल्यांनी दाखवली आहेत, सायप्रस आणि सिसिली तेवढी मोठी आणि चौकोनी. किनाऱ्याचा खरा आकार कोठेही नाही, पण कडेने एकापाठोपाठ एक बंदरांची नावे आहेत आणि त्यांच्यापाशी कोणत्या वाऱ्यापासून आसरा मिळतो, अशी माहिती आहे. एस्टीच्या पाटीवर मधल्या थांब्यांचा क्रम महत्त्वाचा असतो, रस्त्याची वळणे नव्हेत, तसाच हा प्रकार आहे. याला अडाणीपणा म्हणणाऱ्याने तो नकाशा वाचलेला नाही.

या नकाशांत कोकण किनारा दिसतो का?

दिसतो, पण ओळखू येणार नाही. अल-इद्रिसीने सिसिलीचा राजा रॉजर दुसरा याच्यासाठी ११५४ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात जग सात पट्टे आणि प्रत्येकी दहा भाग, अशा ७० तुकड्यांत मांडले आहे, आणि नकाशात दक्षिण वर आहे. त्यात भारताचे द्वीपकल्प समुद्रात घुसलेले नाहीच; किनारा पूर्व-पश्चिम धावतो आणि समोर श्रीलंका अवाढव्य पसरलेली आहे. टॉलेमीच्या माहितीवरून काढलेल्या नकाशांतही हाच दोष असून त्याच्या यादीतील सुप्पारा आणि सिम्युल्ला, म्हणजे सोपारा आणि चौल, यांच्यापुढचा समुद्र त्यामुळे पश्चिमेऐवजी दक्षिणेला येतो.

इद्रिसीचा मजकूर मात्र चित्रापेक्षा बोलका आहे. ठाणे हे मोठ्या खाडीवरील सुंदर शहर असून तेथे जहाजे नांगर टाकतात, आजूबाजूच्या डोंगरांत वेळू होतो, असे तो लिहितो. सोपारा समुद्रापासून दीड मैलावर असून तेथे मोती काढतात, असेही सांगतो. कॅटलान ॲटलासमध्ये पश्चिम किनाऱ्यावर ‘चिंताबोर’ हे नाव येते, ते अरबांचे सिंदाबूर, म्हणजे गोवा, असे मानतात. त्याच ॲटलासमध्ये हिंदी समुद्रात मोती काढणारे पाणबुडे आहेत आणि बुडी मारण्यापूर्वी मासे पळून जावेत म्हणून ते मंत्र म्हणतात, अशी टीपही आहे.

खलाशांच्या नकाशांत समुद्र कोरा का सोडलेला असतो?

कारण त्यांना तेथे काम करायचे असे. तेराव्या शतकाच्या अखेरीस भूमध्य समुद्राचे किनारी नकाशे अचानक पूर्ण वाढलेल्या रूपात समोर येतात. त्यांपैकी सर्वांत जुना मानला जाणारा ‘कार्त पिझान’ पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यांत समुद्राला रंग नाही, लाटा नाहीत. त्याऐवजी कातड्यावर दिशारेषांचे जाळे आहे. मुख्य आठ वाऱ्यांच्या, म्हणजे दिशांच्या, रेषा काळ्या, त्यांच्या मधल्या हिरव्या आणि त्याहून मधल्या तांबड्या, अशी पद्धत पुढे रूढ झाली, म्हणजे डुलत्या जहाजावर मिणमिणत्या उजेडातही रेघ चुकू नये. बंदरांची नावे किनाऱ्याला काटकोनात आणि जमिनीच्या बाजूला लिहिलेली असतात. पाणी मोकळे राहिले पाहिजे हा दंडक. महत्त्वाची बंदरे तांबड्या शाईत, बाकीची काळ्या. उथळ वाळूचे दांडे ठिपक्यांनी आणि पाण्याखालचे खडक छोट्या फुल्यांनी दाखवत. या दोन्ही खुणा आजच्या नौकानयनाच्या नकाशांत थोड्याफार फरकाने टिकून आहेत, आणि रंगीत जगाच्या नकाशांतील एकाही जलपरीला ते भाग्य लाभलेले नाही.

नद्यांचे मुख तेवढे दाखवून पुढचे सोडून देणे, हेही याच वृत्तीचे लक्षण. जहाज जेथे जात नाही, तेथील पाण्याशी या नकाशांना सहसा कर्तव्य नसे.

हिंदी महासागर बंद आहे की खुला, हा वाद काय होता?

टॉलेमीने आफ्रिकेला दक्षिणेकडून वळवून आशियाला जोडले होते, त्यामुळे त्याचा हिंदी महासागर चारही बाजूंनी जमिनीने कोंडलेला होता. त्याचा ग्रंथ पंधराव्या शतकाच्या आरंभी लॅटिनमध्ये आला आणि युरोपात त्याचा दबदबा फार वाढला. अरबी भूगोलकार बहुतांशी हा समुद्र पूर्वेला खुलाच मानत आले होते, कारण त्यांचे व्यापारी प्रत्यक्ष चीनला जात होते.

युरोपात या कोंडलेल्या समुद्राला ठामपणे नकार दिला तो व्हेनिसच्या फ्रा माउरो या मठवासीयाने. सुमारे १४५० मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या वर्तुळाकार नकाशाचा व्यास दोन मीटरच्या आसपास आहे आणि त्यावर तीन हजारांच्या जवळपास लेख आहेत. दक्षिण वर असलेल्या या नकाशात गर्द निळ्या समुद्रावर बारीक लाटा आणि निरनिराळ्या बांधणीची जहाजे आहेत. आफ्रिकेच्या टोकापाशी त्याने लिहिले आहे की १४२० च्या सुमारास हिंदुस्थानातील एक जहाज ते टोक ओलांडून पश्चिमेला चाळीस दिवस गेले आणि त्याला हवा व पाणी यांशिवाय काही दिसले नाही. टॉलेमीपेक्षा मी समुद्रावर फिरलेल्या माणसांवर अधिक भिस्त ठेवतो, असा त्याचा एकूण सूर आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालण्यापूर्वीची ही गोष्ट, हे ध्यानात घ्यावे. त्याच्या मते या समुद्रातील मोठ्या जहाजांना चार किंवा अधिक डोलकाठ्या असत आणि व्यापाऱ्यांसाठी चाळीस ते साठ खोल्या असत.

चीनमध्ये काय पद्धत होती?

शिआन येथे ११३६ मध्ये शिळेवर कोरलेला ‘यू जी तू’ हा नकाशा एकदा जरूर पाहावा. त्यावर चौकटींचे जाळे आहे, प्रत्येक चौकट १०० ली (अंतराचे चिनी माप) अंतराची, आणि त्यात पीत नदी व यांगत्से यांच्या वळणांसह किनारा इतका नेमका उतरला आहे की त्याच शतकातील इतर कोणताही नकाशा त्याच्या जवळपास येत नाही. रंग नाही, लाटा नाहीत, मासे नाहीत. पूर सांभाळणे आणि कर गोळा करणे ज्या राज्याचे मुख्य काम होते, त्याला नद्या मोजूनच हव्या होत्या.

भारतात मध्ययुगीन नकाशे होते का, आणि त्यांत पाणी कसे आहे?

युरोपीय किंवा अरबी धर्तीचे भूगोलाचे नकाशे आपल्याकडे फारसे टिकलेले नाहीत. विश्वरचनेची चित्रे मात्र आहेत, आणि त्यांत पाण्याला मानाचे स्थान आहे. पुराणांतील लवण, इक्षुरस, सुरा, घृत, दधि, क्षीर आणि शुद्ध जल या सात समुद्रांची नावे आपल्या परिचयाची आहेत. जैन परंपरेत अढाई द्वीपाचे, म्हणजे माणसांची वस्ती असलेल्या अडीच द्वीपांचे, कापडी पट पंधराव्या शतकापासून उपलब्ध आहेत. मध्यभागी एक लाख योजने व्यासाचा जंबूद्वीप, त्याभोवती दोन लाख योजने रुंदीचा लवण समुद्र, मग धातकीखंड, मग कालोदधि, आणि शेवटी पुष्करद्वीपाचा अर्धा भाग. प्रत्येक कडे आधीच्याच्या दुप्पट.

या पटांतील लवण समुद्र बहुधा निळा असून त्यात चटईच्या विणीसारख्या लाटा, मासे आणि कधी पोहणारी माणसे असतात. चार दिशांना चार मोठे पाताळकलश काढलेले असतात. त्यांच्या तळाशी वायू, मध्ये वायू व पाणी, आणि वर पाणी असते. वायू खवळला की वरचे पाणी उसळते, तीच भरती. मॅक्रोबियसने ध्रुवांवर शोधलेले कारण जैन आचार्यांनी समुद्राच्या तळाशी शोधले, एवढाच फरक. जंबूद्वीपातील चौदा महानद्या सरोवरांतून निघतात. त्यांपैकी गंगा आणि सिंधू हिमवान पर्वतावरील पद्म सरोवरातून निघून आपल्या भरतक्षेत्रात येतात.

याहून जुना एक दाखला विदिशेजवळच्या उदयगिरीच्या वराह लेण्यात आहे. पाचव्या शतकात कोरलेल्या त्या लेण्याच्या बाजूच्या भिंतींवर गंगा आणि यमुना आपापल्या वाहनांवर उभ्या राहून खाली उतरतात, त्यांच्या उभ्या लाटा एकत्र मिळतात आणि तो प्रवाह वरुण उभा असलेल्या समुद्रात जातो. शिल्प आहे, नकाशा नव्हे, पण संगम आणि मुख यांचा क्रम त्यात बिनचूक आहे.

हे नकाशे पाहायचे असल्यास काय करावे?

हेरेफर्डचा नकाशा त्याच कॅथीड्रलमध्ये, कॅटलान ॲटलास पॅरिसमध्ये, फ्रा माउरोचा व्हेनिसमध्ये आणि गॉफ नकाशा ऑक्सफर्डमध्ये आहे. या संस्थांनी बहुतेक नकाशांची मोठी छायाचित्रे संकेतस्थळांवर खुली ठेवली आहेत आणि अगदी बारीक अक्षरापर्यंत ती वाढवून पाहता येतात. पाहण्यापूर्वी कोणती दिशा वर आहे हे ठरवून घ्यावे, नाहीतर भूमध्य समुद्रच सापडत नाही. छापील किंवा पुनर्निर्मित प्रतींच्या रंगांवर विसंबू नये. जर्मनीतील एब्स्टॉर्फचा सुमारे साडेतीन मीटर लांबी-रुंदीचा, तीस बकऱ्यांच्या कातड्यांवरील नकाशा १९४३ मध्ये हानोव्हरवरील बॉम्बहल्ल्यात जळाला; त्याच्या समुद्राचा जो रंग आज आपल्याला दिसतो, तो जुन्या छायाचित्रांवरून आणि छापील प्रतींवरून नंतरच्या लोकांनी ठरवलेला आहे.